नावामागची नोंद

घरातील लग्नसमारंभाची छायाचित्रे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरून चुकून पुसली जातात आणि सारे घर हळहळते. मग कोणी जाणकार ते कार्ड संगणकाला जोडतो व बहुतेक छायाचित्रे परत मिळवून देतो. यात चमत्कार काहीच नसतो. छायाचित्रे जागची हललेलीच नसतात. पुसली गेलेली असते ती त्यांची नोंद. ‘फॅट’ या जुन्या फाइलप्रणालीत तर फाइल काढून टाकताना नोंदीतील नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि फाइलची जागा मोकळी झाल्याचे दाखवले जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुने तेथेच पडून राहते. म्हणून अशा वेळी त्या कार्डवर एकही नवे छायाचित्र काढू नये.

डिस्कला स्वतःला चित्र, गाणे किंवा पत्र यांतले काहीच कळत नाही. कोणती फाइल कोठे आहे, केवढी आहे, कोणाची आहे, केव्हा बदलली, हे सांगणारी माहिती डिस्कवरच वेगळी राखावी लागते. तिला मेटाडेटा म्हणतात. शेत जागच्या जागी असले तरी ते कोणाचे व किती, हे पाहायला सातबाराच काढावा लागतो. तसाच हा प्रकार.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स प्रणाली घडवली. तिच्यात प्रत्येक फाइलची एक क्रमांकित नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइलचा मालक, तिचा आकार, तिच्यावरील अधिकार, वेळा आणि मजकुराचे पत्ते हे सारे आयनोडमध्ये असते. नसते ते फक्त नाव! नावे असतात डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे नाव व आयनोडचा क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. त्यामुळे एकाच फाइलला दोन नावे असू शकतात, जशी मुलाला घरात एक हाक आणि शाळेत दुसरी. एक नाव पुसले तरी फाइल राहते. गंमत अशी, की आयनोडमधील ‘आय’ कशाचा, हे पुढे खुद्द रिची यांनाही खात्रीने सांगता आले नाही. ‘इंडेक्स’चा असावा, एवढाच त्यांचा अंदाज होता. नोंदींची एवढी चोख व्यवस्था लावणाऱ्यांनी या शब्दाच्या जन्माची नोंद मात्र ठेवली नव्हती.

लिनक्समधील ‘ईएक्सटी४’ ही फाइलप्रणाली याच वंशातली. तिच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडले, की सुपरब्लॉक लागतो. एकूण जागा किती, मोकळी किती, आयनोड किती, हे सर्व त्यात लिहिलेले असते. तो बिघडला तर मजकूर शाबूत असूनही संगणकाला डिस्क उघडता येत नाही. म्हणून त्याच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात आणि दुरुस्ती करणारा प्रथम त्याच शोधतो.

पण त्या शोधायच्या कशा? सुपरब्लॉकमध्ये ‘ईएफ५३’ ही ओळखखूण असते. प्रत्यक्ष डिस्कवर मात्र तिचे दोन बाइट उलट क्रमाने, आधी ५३ आणि मग ईएफ, असे लिहिलेले असतात. हे कोणी लिहून ठेवले नसते तर नवखा माणूस चकलाच असता. लिनक्सच्या दस्तऐवजात ईएक्सटी४ च्या अशा प्रत्येक रकान्याचे स्थान, लांबी आणि अर्थ दिलेला आहे. वाचायला तो रूक्ष, पण अडल्या वेळी अमोल.

सर्वच प्रणालींना हे भाग्य लाभले नाही. मोठ्या मेमरी कार्डांवर वापरली जाणारी ‘एक्सफॅट’ २००६ मध्ये आली. तिचे संपूर्ण वर्णन मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुले केले ते ऑगस्ट २०१९ मध्ये. मधल्या काळात लोकांनी आपल्याच घरची छायाचित्रे अशा मांडणीत साठवली, जिचा नकाशा त्यांच्यासाठी खुला नव्हता. ती वाचणारे प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहू पाहणाऱ्यांना कार्डवर एखादी फाइल ठेवायची, आधीचे व नंतरचे बाइट शेजारी मांडायचे आणि काय बदलले ते एकेक करून ओळखायचे, असा उद्योग करावा लागे.