रिचर्ड राईट यांच्या आत्मकथनाचा दुसरा भाग

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक रिचर्ड राईट १९०८ साली मिसिसिपीत जन्मले. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले, वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. मेम्फिसचं ग्रंथालय चवदार तळ्यासारखं नावालाच सार्वजनिक; काळ्यांना तिथे पुस्तकं मिळत नसत. राईट यांनी एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड घेतलं, त्याच्या नावाने स्वतःच चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकं मिळवली. वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही हा प्रसंग मुलांना नेहमी सांगतो.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. १९४० च्या ‘नेटिव्ह सन’ कादंबरीने राईट गाजले. नंतरच्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनाचे दोन भाग होते: दक्षिणेतलं बालपण आणि शिकागोतलं आयुष्य. शिकागोतला वर्णद्वेष आणि कम्युनिस्ट पक्षातले अनुभव दुसऱ्या भागात होते. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ला फक्त पहिला भाग हवा होता. १९४५ साली तेवढाच छापला गेला. दुसरा भाग पुस्तकरूपाने आला १९७७ साली. राईट यांचं निधन १९६० सालीच पॅरिसमध्ये झालं होतं.

दूरच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं. आपण गावकुसाबाहेरची भूक लिहिली की कौतुक होतं. घर भाड्याने नाकारणारी सोसायटी, आडनावावरून जात शोधणारा साहेब लिहिला, की लगेच प्रश्न येतो, ‘आता कुठे राहिलीय जात?’

मित्रांनो, आपला दुसरा भाग आपणच लिहूया, आणि तो कुणालाही कापू देऊ नका.

जय भीम!