सशाचे दुखणे

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याची उभी हयात गेली, त्याला जगातली प्रत्येक वस्तू कोणत्या रकान्यात बसते हे आधी पाहण्याची खोड जडते. आणि केंदूरसारख्या पर्जन्यछायेतल्या गावी, जेथे वेळ नदीला पाणी असते ते महिने बोटांवर मोजता येतात, तेथे जनावरांचे रकाने तर कोणी सरकारी हुकूम काढण्याच्या कितीतरी आधीपासून ठरून गेलेले आहेत. औताचा बैल, दुभती म्हैस, अडीनडीला बाजार दाखवता येईल अशी शेळी, राखणीचे कुत्रे : ज्याचा संसाराला उपयोग, त्याचे दुखणे ते घराचे दुखणे. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घ्यावी, लाळ्या-खुरकुताची साथ उठली की गोठे वेगळे करावेत, बैल बसला तर रात्री-अपरात्री डॉक्टरांचे दार ठोठावावे, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. या यादीत ससा कोठेच नव्हता. तो होता माळावर. आणि माळावरचा ससा म्हणजे पारध्याच्या वाघुरीत सापडला तर कालवण, निसटला तर गोष्ट.

तो ससा मी बालपणी पुष्कळ पाहिला. मानेवर काळा पट्टा, लांब पाय, आणि हरभऱ्याच्या वावरात अगदी पायाखालून उठून माणसाच्या काळजाचा ठोका चुकवण्याची विद्या. हा प्राणी बीळ करीत नाही. झुडपाच्या आडोशाला उथळ खळगीत अंग चोरून दिवस काढतो. १९७२ च्या दुष्काळात, सारा गाव खडी फोडायला जात असताना आणि रेशनवर तांबडी मिलो येत असताना, एका गुराख्याने सशाचे पिलू सदऱ्याच्या ओच्यातून आमच्या ओसरीवर आणले. डोळे टक्क उघडे, अंगावर लव, जणू जन्मतःच शहाणे. माझ्या आजीने त्याला शिवूही दिले नाही. ‘‘जिथलं तिथं ठिवून ये. दिस मावळल्यावर त्याची आय येती,’’ एवढेच ती म्हणाली. सशीण पिलापाशी मुद्दामच थांबत नाही, कोल्ह्या-कुत्र्यांना माग लागू नये म्हणून दिवसाकाठी एकदाच अंधारात येऊन पाजून जाते, हे प्राणिशास्त्र मी पुष्कळ पुढे वाचले. योगायोग असा की वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तोही त्याच १९७२ साली.

पिंजऱ्यातला पांढरा ससा हा याचा दूरचा भाऊबंद, तोही हिश्श्याने वेगळा झालेला. त्याचे मूळ घराणे स्पेन-पोर्तुगालकडचे, वस्ती बिळात, पिले जन्मतात ती आंधळी आणि उघडी. दोघांची सोयरीक निसर्गाला मान्य नाही. मात्र माणसाच्या दप्तरी या दुसऱ्या सशाची नोंद फार मोठी आहे. माझ्या थोरल्या बंधूंना पिसाळलेले कुत्रे चावले, तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घेण्यासाठी त्यांना रोज नेले जाई, आणि त्या सुया आठवून ते म्हातारपणीही पोटावर हात ठेवीत. त्या लसीचा उगम शोधू गेले तर आपण १८८५ च्या पॅरिसला पोहोचतो, जेथे लुई पाश्चर यांनी रोगाने मेलेल्या सशांचे पृष्ठरज्जू कोरड्या हवेत वाळवून त्यांतून पहिली लस सिद्ध केली. माझे स्वतःचे देणे याहून रोकडे आहे. गेली कित्येक वर्षे मी सकाळी पोटाच्या कातडीत इन्सुलिन टोचून घेतो. त्याच्या कुपीवर जे ‘युनिट’ छापलेले असते, ते १९२२ च्या सुमारास टोरांटोत प्रथम ठरले ते सशावरून. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा झटके येण्याइतकी उतरविणारी मात्रा, हे ते मूळ माप. सशाच्या उपासावर माझ्या भाकरीचा हिशेब बसविलेला आहे, याची मला बरीच वर्षे वार्ता नव्हती.

असाच एक पाळीव ससा, नाव कापूस, आमच्याकडे आला तो नातीचा म्हणून. पुण्याच्या सदनिकेत त्याने विजेच्या तारा कुरतडल्या, तेव्हा त्याची बदली केंदूरला झाली, आणि आमच्या मंडळींनी त्याला ओसरीतल्या जुन्या कणगीशेजारी जागा दिली. शेजारी येत, बिस्किटाचा तुकडा देत. कोणी म्हशीच्या पेंढीतला लसूणघास आणी. एका उन्हाळ्यात त्याने खाणे कमी केले आणि मग सोडले. ओरडणे नाही, विव्हळणे नाही. पाठ कमानीसारखी करून तो कोपऱ्यात बसे, कान हाताला गार लागत, आणि अगदी जवळ गेल्यास दातांवर दात घासल्याचा बारीक आवाज येई. मंडळींनी जन्मभर शेळ्या पाळल्या, त्यांची नजर प्रथम लेंड्यांकडे गेली. त्या हरभऱ्याएवढ्या असत, त्या मिरीएवढ्या झाल्या, आणि दुसऱ्या सकाळी पडल्याच नाहीत.

जवळच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर प्रामाणिक गृहस्थ. ‘‘आबा, गाईच्या पोटात मी खांद्यापर्यंत हात घालतो, पण याच्या पोटातलं मला फार कळत नाही. पुण्याला न्या. वाटेत कुणी पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे देऊ लागलं, तर देऊ देऊ नका,’’ असे त्यांनी बजावले. सशाच्या आंत्रात जे उपकारक जंतू गवत पचवितात त्यांचा त्या औषधाने संहार होतो आणि मागाहून विषारी जंतू माजतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला त्यांच्या अज्ञानाच्या कबुलीपेक्षा त्या एका ज्ञानाचे मोल अधिक वाटले. शिक्रापूरच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहनांचा तुंबारा होता. उन्हाचा ताप सशाला सोसत नाही म्हणून करंडीवर ओला पंचा टाकून आम्ही नगर रस्त्याने निघालो. मंडळींनी गावच्या कान्होराज महाराजांच्या समाधीला नारळ आधीच बोलून ठेवला होता.

पुण्यातल्या डॉक्टरबाई वयाने माझ्या नातीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी प्रथम ताप पाहिला. निरोगी सशाचे अंग माणसाहून ऊन, साडेअडतीस ते चाळीस अंशांपर्यंत. याचे बरेच उतरले होते, आणि सशाच्या बाबतीत ताप चढण्यापेक्षा उतरणे अधिक भयावह. मग गालातून दुर्बिणीची नळी घालून त्यांनी दाढा पाहिल्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. गवताच्या चर्वणाने ते झिजतात, आणि गवताऐवजी मऊ खाणे मिळाले किंवा जबड्याची ठेवणच वाकडी असली तर दाढांना धारदार टोके फुटतात. तशा टोकाने कापसाची जीभ चिरली होती. जीभ दुखते म्हणून खाणे बंद, खाणे बंद म्हणून आतडे स्तब्ध, आतडे स्तब्ध म्हणून पोटात वायू, आणि वायूच्या वेदनेने भूक आणखी मेलेली. अशा त्या फेऱ्यात हा मुका जीव सापडला होता. शिकारी प्राण्यांच्या राज्यात आजारी दिसणे म्हणजे मरण, म्हणून ससा आपले दुखणे शेवटपर्यंत लपवितो, असे बाई म्हणाल्या. मला आजीची सशीण आठवली.

ऊब, कातडीखाली सलाइन, वेदनाशामक, आतड्याला चाळविणारे औषध, आणि सिरिंजने भरवणे, असा उपचाराचा क्रम होता. दाढा घासण्यासाठी भूल द्यायची ती अंग सावरल्यावर. आणि आश्चर्य असे की भुलीपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला मात्र ठेवायचे नाही, कारण त्याला ओकताच येत नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर पुन्हा थांबते. टोरांटोच्या त्या उपाशी सशांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

भिजवून वाटलेल्या गवताचा तो हिरवा लगदा गालाच्या कोपऱ्यातून थोडा थोडा सोडण्याचे काम मंडळींचे. आई मेलेली करडे वाढविलेला तो हात. मी तेथे उमेदवारही शोभलो नसतो. मी आपली रोजकीर्द ठेवली : वेळ, भरवणे, लघवी, लेंड्या, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा ‘निरंक’ येई. मध्यरात्री कंदिलाच्या काळातल्यासारखे जागत बसलेले आम्ही दोन म्हातारे एका लेंडीची वाट पाहत होतो, हे कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते, याची कल्पना मला होती. कारण दिवसा लोक ते म्हणतच होते. ‘‘आबा, या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या,’’ असे शेजारच्या अण्णांनी ओसरीवर बसून सांगितले. त्यांचे गणित चूक नाही. ज्या गावाने छावणीत जनावरे जगविली आणि विकलीही, त्याला उपयोगाचा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर शोधावे असेही वाटले नाही. पहाटे मंडळींनी हाक मारली. पहिली लेंडी पडली होती, लहान, ओली, वेडीवाकडी. मी ती वेळेसह रुजू केली.

दाढा पुढे घासून झाल्या. लसूणघासातला चुना मोठ्या सशाच्या मूत्राशयात साठतो म्हणून तो बंद झाला, आणि वाळलेले मारवेल व हरळी यांचा बंदोबस्त करावा लागला. मारवेल अण्णांच्याच बांधावर उत्तम येते. ते भारा टाकून जातात आणि शेळ्यांचे गणित नव्या भावाने पुन्हा मांडतात. दाढांची टोके मात्र परत येणारच. दोन-तीन महिन्यांनी पुण्याची खेप ठरलेली. या खेपेची तारीख नेमकी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दिवसांत आली होती, रस्ते बंद असतात, म्हणून फोन करून आठवडाभर अलीकडची मागून घेतली आहे.