जाळ्याला लागलेलं डांबर

सातपाटीच्या आमच्या घरात ओट्याच्या कोपऱ्यात रॉकेलची बाटली कायम असायची, ती डांबरासाठी. पावसाळ्यात किनाऱ्यावर काळे डांबरगोळे लागतात. एखादा पायाखाली आला, की टाचेला असा चिकटतो की पाण्याने हटत नाही. आई रॉकेलचा बोळा फिरवायची, मग खोबरेल चोळायची. टाच साफ व्हायची, जाळं नाही. जाळ्याला डांबर बसलं, की तेवढा भाग कापून बाबा नवा जोडत. आणि पापलेटाला त्याचा वास लागला, तर भाव गेला.

बारावीनंतरच्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा खोल समुद्रात गेलो. दुसऱ्या रात्री पश्चिमेचं आभाळ तांबूस झालं. मला वाटलं, कुणाची बोट पेटली. "तेलविहिरीचा गॅस जळतोय," बाबा म्हणाले. त्या लोखंडी खांबांना शिंपले धरतात, त्यांच्यामागे मासा येतो. पण ५०० मीटरच्या आत बोटीला मज्जाव. मासा समोर, आणि आम्ही लांबून वळसा घालत निघालो.

'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगने १९७४ मध्ये समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात तेल शोधलं, मे १९७६ मध्ये ते निघू लागलं. आमच्या शेजारच्या वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातला गॅस समुद्रतळाच्या नळातून हजिऱ्याला जातो. हे तेल देशाला हवंच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः बोईसरच्या कारखान्यात काम करतो, आणि बाबांचं इंजिनही डिझेलवरच चालायचं. माझं म्हणणं वेगळं आहे. कित्येक किलोमीटर लांब केबली ओढत, दाबाच्या हवेचे दणके देत तेलाच्या सर्वेक्षणाची जहाजं ऐन मोसमात आली, की आम्ही जाळी उचलायची. बोट बंदराला बांधलेली, पण खलाशांचं खाणं-पिणं, घेतलेली उचल, कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. तेलाच्या एका पिंपाची किंमत रोज छापून येते. आमच्या बुडालेल्या दिवसाची किंमत कोणी तरी लिहून ठेवावी.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. समुद्रातल्या कामावरची एक बार्ज वाहत येऊन वडराईच्या खडकांवर बसली. तिच्यावरची १३७ माणसं वाचली. त्याच वादळात बुडालेल्या पी-३०५ या दुसऱ्या बार्जवरच्या अनेकांना मात्र समुद्राने परत दिलं नाही. वडराईच्या बार्जमधलं तेल पुढे किनाऱ्याला लागलं. आम्ही पाहायला गेलो, तेव्हा आई सवयीने कालवं काढायला खडकावर बसली. कोयतीने एक कालव उघडलं, नाकाजवळ नेलं आणि पाण्यात टाकून दिलं. दुसरंही तसंच. तिसरं तिने उघडलंच नाही.

रिकामी पाटी घेऊन घरी आलो. रॉकेल आता कुठे मिळतं? बाबांनी बोटीच्या कॅनमधलं डिझेल चिंधीवर घेतलं आणि आईची बोटं एकेक करून पुसली.