त्याच जागी घर

सात-आठ वर्षांपूर्वी श्रावणातल्या झडीत आमच्या जानेफळात चुलतभावाच्या धाब्याच्या घराची मागची भिंत रात्री आत पडली. मोठी माय भिंतीलगतच्या बाजेवर झोपली होती. ती गेली. तेरवी झाली आणि घरात एकच बोलणं सुरू झालं, पुन्हा इथंच बांधायचं की जागा सोडायची? कोणी येऊन सांगे, जागेतच खोट हाये, विकून टाका. वहिनी म्हणाली, "मी काही त्या जागेत पाय ठेवत नाही." भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तू घरं बांधतं, तूच सांग."

माझी पहिली नोकरी किल्लारीकडे, पुनर्वसनाच्या बांधकामावर सुपरवायझरची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या सुमारास, गणपती बोळवून झोपलेली गावं तिथं भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृतांचा. मी गेलो तेव्हाही जुन्या गावात दगडांचे ढीग तसेच होते. ते पाहिलं की कळे, माणसं मारली ती भिंतींनी. दोन-तीन फूट रुंद भिंत, दगड मातीत रचलेले, वर माळवदाच्या मातीचं ओझं. पाणी गळू नये म्हणून वर्षावर्षाला त्यात नव्या मातीची भर.

बावन्न गावं नव्या जागेवर वसवली. पण नवी जागा जुन्या गावापासून फार लांब नव्हती. पुन्हा तसा धक्का बसला तर तीही हलणारच. बदललं होतं ते घर. सिमेंटचा जोड आला, चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा आला. लोकांना जुन्या गावात परतायचं नव्हतं, आणि ज्याचं अख्खं घर तिथं गेलं त्याला कोणत्या तोंडानं समजावणार? जमिनीप्रमाणे 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं, मधे रुंद सरळ रस्ते. एक म्हातारबाबा कामावर येऊन बसत. म्हणायचे, "शेजारी चार गल्ल्या पल्याड गेला, सांजच्याला तंबाखू मागायला बी कोन न्हाई."

माळीणची गोष्ट वेगळी. 30 जुलै 2014 ला तिथं डोंगरच खाली आला, 151 माणसं गेली. तिथं घर कितीही पक्कं बांधा, उपयोग नाही. नवं गाव आमडे इथं वसवलं, ते योग्यच झालं.

भावाच्या घराचा मलबा आम्हीच उपसला. भिंत दोन तोंडांची, मधे नुसती खांडकं आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड एकही नाही. बुडाशी घुशींची बिळं, आणि पलीकडच्या पन्हाळीचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरत आलेलं. मी भावाला म्हणालो, जागेत काही खोट नाही, इथंच बांध, पण आधी हे पाणी वळव.

खरं सांगायचं तर माझ्या सांगण्यापेक्षा हिशेबानं जास्त काम केलं. सरकारी मदतीचे चार लाख मिळाले होते, घरकुलाचे 1 लाख 20 हजार मंजूर झाले होते. मेहकर रोडला प्लॉट घेतला असता तर बांधायला काही उरलं नसतं. जागा खोटी म्हणणाऱ्यांपैकी एकजण ती पडत्या भावात घ्यायला तयार होता, हेही मागाहून कळलं.

घर तिथंच झालं. पायाशी पट्टा, खिडक्यांवर पट्टा, नाली पक्की. वहिनी वर्षभर माहेरी राहिली, मग आली. मागच्या खोलीत ती आजही झोपत नाही. त्यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. पट्टा भिंतीला असतो.

आपल्याकडे धाब्याची घरं अजून बरीच आहेत. मृग लागायच्या आत भिंतीचं बूड बघा, कोणाच्या पन्हाळीचं पाणी तिथं मुरतंय ते बघा. आणि भिंतीनं पोट सोडलं असेल, तर त्या भिंतीजवळची बाज आजच हलवा.