किरकोळ सामान

चि. मीनल,


परवा फोनवर तू इतकी चिडली होतीस की तुझ्या आईला निम्मंच कळलं. तिला वाटलं, पोलिसांनी तुलाच नेलं. नेला तो तंबू, आणि तोही तुझा नव्हे, रूममेटचा! हिरवळीवर आंदोलनाला बसलेली मुलं हटवली, मागून ट्रक आला, आणि सामान कुठे जाणार हे कोणी धड सांगेना, असं म्हणालीस. अगं, २९ वर्षं नगरपालिकेच्या जप्तीच्या गोदामात कारकुनी केलेल्या माणसाला हे सांगून तू फोन ठेवलास. झोप कशी लागायची?

मग वाचत बसलो. तुझ्याच न्यूयॉर्कात, वॉल स्ट्रीटजवळच्या झुकॉटी पार्कात २०११ च्या सप्टेंबरात आंदोलकांनी तळ ठोकला होता. १५ नोव्हेंबरला रात्री एकच्या सुमारास पोलीस आले. तंबू, स्लीपिंग बॅगा, स्वयंपाकाची भांडी, सगळं गोळा करून महापालिकेच्या सफाई खात्याच्या गाड्यांत भरलं आणि ५७ व्या रस्त्यावरच्या त्या खात्याच्या गॅरेजात नेलं. ओळखपत्र दाखवा आणि आपलं घेऊन जा, असं लोकांना सांगितलं. ऐकायला किती सोपं! पण सामान उचललं सफाई खात्याने, हे विसरू नकोस. कचरा उचलणारा हात वस्तू कचऱ्यासारखीच उचलतो. ओल्या चादरीखाली लॅपटॉप, त्यावर तंबूच्या काठ्या. त्या ढिगातून आपली निळी स्लीपिंग बॅग ओळखायची कशी? निळ्या तर सगळ्याच.

त्या तळावर एक वाचनालयही होतं. गायिका पॅटी स्मिथने त्याला तंबू दिला होता, तोही त्या रात्री गेला. मला कौतुक वाटलं ते तिथल्या मुलांचं, कारण आलेलं प्रत्येक पुस्तक ती नोंदवून ठेवायची. साडेपाच हजारांवर नोंदी! महापौरांच्या कार्यालयाने टेबलावर नीट रचलेल्या पुस्तकांचा फोटो लावला, वाचनालय सुखरूप आहे म्हणून. मुलं गॅरेजात गेली तर बरीच पुस्तकं फाटकी, भिजलेली, आणि कितीतरी नव्हतीच. पुढे महापालिकेवर दावा झाला, त्यात आकडे आले: नेलेली सुमारे ३,६००, परत मिळाली १,००३, त्यातली २०१ निकामी. एप्रिल २०१३ मध्ये तडजोड झाली. वाचनालयाला ४७,००० डॉलर मिळाले आणि वकिलांच्या फीपोटी १,८६,३५०. (वकील तिकडेही वकीलच.) शिवाय थेट प्रक्षेपण करणाऱ्यांच्या यंत्रांचे पैसे, आणि पायडल मारून वीज काढायच्या सायकलींचे. तिन्ही दाव्यांत मला आमचं रजिस्टर दिसलं. यंत्र, सायकल, पुस्तक: ज्याचं नाव सांगता येतं, ज्याचे नग मोजता येतात अशा वस्तू.

आमच्या रजिस्टरात रकाने होते पाच. तारीख, ठिकाण, वस्तूचे वर्णन, नग, शेरा. गाडी आली की वर्णन मी लिहायचो. हातगाडी, वजनकाटा, गॅसची शेगडी हे नीट लिहायचो, कारण त्यांचे मालक दुसऱ्या दिवशी हजर. बाकीचं, म्हणजे ताडपत्र्या, गोणपाट, दोरखंड, मोडकी छत्री, यांच्यासाठी माझा एक शब्द ठरलेला होता. किरकोळ सामान. नग: ढीग १. जेवायची वेळ झालेली असायची गं.

एकदा भाजी विकणारी एक आजी आली. दंड भरल्याची पावती हातात, आणि मागत होती छत्री. काठीला नवऱ्याने तांब्याची तार गुंडाळली होती म्हणे. मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं आणि वाचता येतं तरी तिथे छत्री नव्हतीच, ढीग होता. भंगारवाला आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. ‘नोंद नाही,’ म्हणालो. खोटं नव्हतं ते. नोंद मीच केली नव्हती.

पुढे २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आला. जप्त मालाची यादी करायची, सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची, मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत सोडायचा. आमच्या साहेबांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मला आधी ती तारच आठवली. आंदोलनाच्या तंबूला हा कायदा लागू नाही, आणि तुझ्या देशात तर नाहीच. पण गोदामातला कारकून सगळीकडे सारखाच असणार.

तेव्हा सामान कुठे नेलंय ते आधी शोध आणि उद्या सकाळी तिथे जा. जमावाने जाऊ नका, एकेकटी जा, म्हणजे खिडकीवरचा माणूस घाबरत नाही. ‘आमचं सामान’ म्हणू नकोस. कागदावर लिहून ने, दोन प्रती, एकीवर पोच घे. किती माणसांचा तंबू, कोणत्या कंपनीचा, कुठे ठिगळ, आत काय राहिलं होतं. रूममेटला बसवून विचार. चेन अडकायची म्हणाली होतीस ना? डाव्या बाजूची की उजव्या, तेही लिही.

तुझा,
मामा