मोत्याची कुल्फी

आमच्या मोत्याचा एक गुण मला फार दिवस निर्भेळ सद्गुण वाटत असे. पुढे जे ठेवावे त्याचे तो शेपूट हलवून स्वागत करतो. मीठ कमी पडले म्हणून नाक मुरडणे त्याला ठाऊक नाही. पण गेल्या वर्षीच्या एप्रिलमधील एका दुपारी या गुणाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलून गेली.

नाशिकचा उन्हाळा ऐन भरात होता. आमच्या घरी द्राक्षे बर्फाच्या कप्प्यात गोठवून खाण्याची चाल आहे. मी आरामखुर्चीत पडून ती एकेक तोंडात टाकीत होतो आणि मोत्या माझ्या पायाशी धापा टाकीत होता. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम फुटण्याची सोय कुत्र्याला नाही. धाप हाच त्याचा पंखा! मला दया आली. मूठभर द्राक्षे मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मिटक्या मारीत फस्त केली, आणि आपल्या औदार्यावर मी बेहद्द खूष झालो.

ते समाधान अर्धा तासच टिकले. सूनबाई बाहेरून आली आणि हकीकत ऐकताच तिचा चेहरा उतरला. "बाबा, अहो, द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात!"

पशुवैद्यांनी मोत्याला वांती करविली, सलाईन लावले, तीन दिवस त्याचे रक्त तपासले. किती द्राक्षे कोणत्या कुत्र्याला बाधतील याचा नेम नसतो, आणि मनुकाही तितक्याच घातक, असे त्यांनी सांगितले. मोत्या वाचला. पण त्या तीन दिवसांत माझ्या मनाला लागले ते निराळेच. मी जवळ गेलो की सलाईनची नळी सांभाळीत तो माझा हात चाटी. ज्या हाताने द्राक्षे दिली, तोच हात!

यंदा उन्हाळ्यात त्याच्यासाठी निराळी कुल्फी होते. बिया आणि साल काढलेला कलिंगडाचा गर कुस्करायचा, त्यात चमचाभर ताजे दही आणि थोडे पाणी घालून छोट्या वाटीत गोठवायचे. साखर नाही, मीठ नाही. दगडासारख्या बर्फाने दाताचा टवका उडतो, म्हणून वाटी जराशी विरघळू द्यायची. दूध त्याला पचत नसल्याने दहीही बेतानेच. चॉकलेट वर्ज्य, आणि बिनसाखरेच्या गोड पदार्थांत झायलिटॉल असले तर ते कुत्र्याला विषच. शिवाय ही कुल्फी म्हणजे केवळ चैन. सावली आणि पाण्याचे भांडे यांची जागा तिला घेता येत नाही.

आपण प्रेम करतो तेव्हा बहुधा आपल्याच जिभेला विचारून करतो, नाही का? मला द्राक्षे आवडत होती. मोत्याच्या मूत्रपिंडांचे मत मी विचारलेच नव्हते.

परवा पहिली वाटी मी त्याच्यापुढे ठेवली. शेपूट हलले, गेल्या वर्षी द्राक्षांसाठी हलले होते, अगदी तितकेच. विष आणि अमृत यांतला भेद त्या शेपटाला कळत नाही. तो कळण्याची जबाबदारी मोत्याने माझ्यावर टाकली आहे.

द्राक्षे मी अजूनही खातो; मात्र आतल्या खोलीत, दार लोटून.