इनेश्ट्रास, घर क्रमांक २२

बर्लिनची यू-३ ही गाडी नावापुरती भुयारी. शहराच्या नैर्ऋत्येला डालेम आलं की ती उघड्यावर येते आणि दोन्ही बाजूंना झाडीचे उतार दिसू लागतात. डालेम-डोर्फ स्थानकाचं छप्पर चक्क गवताने शाकारलेलं आहे. शेजारी जुनी शेतवाडी, तिथे अजून गाई आहेत. पुढच्या स्थानकावर फ्री युनिव्हर्सिटी. माझी भाची इथे राज्यशास्त्र शिकते आणि तिचे काही तास इनेश्ट्रास २२ या इमारतीत होतात. मला तिथेच जायचं होतं, कारण इरावती कर्वे याच इमारतीत शिकल्या.

‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्या घराघरांत पोचल्या. पण १९२८ मध्ये बर्लिनला आलेली बावीस-तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आपल्याला फारशी माहीत नाही. जन्म ब्रह्मदेशातला, १९०५ चा. नाव तिथल्या इरावती नदीवरून. शाळा पुण्यातली हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, मुंबईत समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. लग्न महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे पत्नीने तिकडे जावं ही त्यांचीच इच्छा. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना, म्हणजे अण्णांना मात्र सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. पैसे काँग्रेसचे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. माणसाच्या मोठेपणालाही कुठेतरी कुंपण असतं, हे अण्णांच्या त्या नकारातून कळतं. आणि त्यांच्याच मुलाने ते कुंपण ओलांडलं, याचा मला फार आनंद होतो.

इमारत साधी आहे. दारावरून सायकली जात होत्या, मुलं पायऱ्यांवर बसून डबे खात होती. भिंतीवर १९८८ मध्ये लावलेली पाटी आहे. इथे पूर्वी कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था होती, हे ती सांगते. ‘मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन’ असं तिचं लांबलचक नाव. स्थापना १९२७ ची, संचालक ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथे जाऊन मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेतली होती आणि त्यावरच त्यांचा लौकिक उभा होता. इरावतीबाईंचे मार्गदर्शक हेच.

फिशर यांनी विषय दिला मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. त्यांची धारणा अशी की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत उजव्या बाजूचं झुकतं माप असणार आणि त्यातूनच त्यांची तर्कबुद्धी वरचढ ठरते. विद्यार्थिनीने मोजून ते सिद्ध करायचं. संस्थेच्या संग्रहात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. कोणाच्या, कोणत्या गावच्या, त्यांच्या मागे कोण रडलं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. दीडशेच्या घरात कवट्या तिने तपासल्या. फरक होता, सगळ्यांच्याच कवट्यांत होता, आणि वंशाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिने तेच लिहिलं.

या लिहिण्याचं मोल कळायला तिची बाजू पाहावी लागते. डोक्यावर कर्ज, भाषा परकी, समोर त्या विषयातला जर्मनीतला सर्वांत वजनदार माणूस, आणि पदवी त्याच्याच सहीवर अवलंबून. आकडे जरा इकडचे तिकडे केले असते तर पुण्यात कोणाला कळणार होतं? प्रबंध मंजूर झाला, पण श्रेणी देताना हात आखडता घेतला गेला. १९३० मध्ये ती पदवी घेऊन परतली. परदेशी शिक्षण म्हणजे तिथल्या गुरूंनी सांगितलेलं डोक्यात भरून आणणं, असं आजही आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. मला तर त्या दोन वर्षांतली तिची सर्वांत मोठी कमाई गुरूला दिलेलं हे उत्तरच वाटतं. भाचीला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, ‘‘मावशी, आमच्या वर्गात सुरुवातीलाच या इमारतीचा इतिहास सांगतात.’’

तो इतिहास पुढे काळाकुट्ट झाला. १९३३ मध्ये हिटलरचं सरकार आलं, सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि संस्थेतल्या तज्ज्ञांनी त्याला शास्त्राचा आधार पुरवला. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या मिश्रवंशीय मुलांची गुपचूप नसबंदी झाली, त्यात फिशर यांचाही सहभाग होता. त्यांच्यानंतर १९४२ मध्ये फेरशूअर संचालक झाले. त्यांचा पूर्वीचा सहायक योसेफ मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव याच पत्त्यावर पाठवत होता. हे वाचून मी पुन्हा त्या पाटीसमोर जाऊन उभी राहिले.

इरावतीबाईंनी मोजमापाची अवजारं पुण्यात आल्यावर टाकून दिली नाहीत. महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची मोजमापं त्या पुढे अनेक वर्षं घेत राहिल्या. त्या शास्त्राची मुळं कुठे होती याचा हिशेब त्यांनी पुरेसा मांडला, असं मला वाटत नाही. पण तेच शास्त्र हाती घेऊन त्या डोंगरात, पाड्यांवर गेल्या, माणसांशी बोलल्या, आणि मोजण्यापेक्षा ऐकणं त्यांच्या लिखाणात वाढत गेलं. १९५३ चा नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ त्याची साक्ष देतो.

२०१४ मध्ये या आवाराजवळच, विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. पुढच्या उत्खननांत सुमारे १६,००० तुकडे निघाले. कोण वसाहतीतले, कोण छळछावणीतले, हे वेगळं करता येईना. बळींच्या समाजांच्या प्रतिनिधींनी सांगितलं, आता आणखी तपासण्या नकोत. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या वनस्मशानभूमीत सगळ्यांना एकत्र मूठमाती देण्यात आली. पुढच्या वर्षी इनेश्ट्रास २२ मध्ये या इतिहासाचं कायमचं प्रदर्शन उघडलं.

बर्लिनला जाणारे आपले लोक ब्रांडेनबुर्ग गेट आणि भिंतीचे तुकडे पाहून परततात. अर्धा दिवस डालेमसाठी ठेवा. मुलं तिथे शिकत असतील, तर त्यांना सोबत न्या.